रानातला म्हणून रानटी?

इंग्रजीतला ‘सॅव्हेज’ फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘सिल्वा’पर्यंत, म्हणजे अरण्यापर्यंत जातो. मूळ अर्थ एवढाच: रानातला. आपला ‘रानटी’ही अरण्यातूनच आला आणि पुढे शिवी झाला. ‘क्रुएल’चं कूळ वेगळं. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘क्रूडुस’ आहे, म्हणजे कच्चं, रक्ताळलेलं. आपला ‘क्रूर’ त्याचाच चुलतभाऊ. दोघांच्या बुडाशी कच्चं मांस. ‘ब्रूटल’मधला ‘ब्रूटुस’ तर मुळात नुसता जड, मठ्ठ.

म्हणजे रानात राहणं आणि क्रूर असणं यांचा शब्दांच्या मुळाशी काही संबंध नव्हता. तो जोडला माणसांनी, आणि त्याची किंमत कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांनी मोजली. खैराचं लाकूड उकळून काथ काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडलं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव रानात विनापरवाना झाड तोडणं हा गुन्हा झाला. त्याआधीच, १८७१ मध्ये, माणूस जन्मानेच गुन्हेगार असू शकतो ही कल्पना इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्यात घालून ठेवली होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. कातकरींसारख्या जमातींच्या सरकारी गटाच्या नावातला ‘प्रिमिटिव्ह’ हा शब्द केंद्राने २००६ साली काढला. मराठी सरकारी कागदांवर ‘आदिम’ अजून आहेच.

पावसाच्या तोंडावर कर्जतच्या बाजारात ठाकूर-कातकरी बायका शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून जुडीसोबत काकडं, ती आंबट हिरवी फळं, द्यायची. आणि शेवळाचा आतला पिवळा भाग काढून टाका म्हणून गिऱ्हाईकाला बजावायचं. कुठल्या रानात काय, कधी उगवतं आणि त्याचं विष कशाने उतरतं हे ज्यांना ठाऊक, त्यांनाच आपण भांडणात ‘जंगली’ म्हणतो. मला याचा संताप येतो.

क्रूर म्हणायचंच तर वीटभट्टीवरच्या उचलीला म्हणावं. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम पैसे देतो. दिवाळीनंतर सगळं कुटुंब, पोरांसकट, भट्टीवर. हंगाम संपताना हिशेब होतो आणि अनेकांच्या अंगावर बाकीच निघते. ती फेडायला पुढल्या वर्षी पुन्हा तीच भट्टी, पोरांची शाळा पुन्हा अर्ध्यात. वेठबिगारीवर बंदी घालणारा कायदा आहे, १९७६ चा.