काचतंतूंच्या गाळणीची वाटचाल

हवा गाळण्यासाठी काचतंतू प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते १९३०च्या दशकात, अमेरिकेत. वितळलेल्या काचेवर वाफेचा झोत सोडून तंतू काढण्याची रीत ओवेन्स-इलिनॉय कंपनीत साधली. त्यातल्या जाड तंतूंच्या चिकट लेप दिलेल्या गाद्या घरगुती भट्ट्यांच्या हवेतील धूळ अडवू लागल्या. मात्र ही गाळणी भरड होती. धुरासारखे सूक्ष्म कण तिच्यातून सहज निसटत.

सूक्ष्म गाळणीची गरज दुसऱ्या महायुद्धाने निर्माण केली. हाती लागलेल्या जर्मन गॅस मास्कमधील कागदाच्या धर्तीवर अमेरिकी सैन्याने सेल्युलोज आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा कागद बनवला. अणुबॉम्ब बनवण्याच्या मॅनहटन प्रकल्पात किरणोत्सारी धूळ रोखण्याचे काम त्यालाच मिळाले. कागद गाळायचा उत्तम, पण जळायचाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने एक मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या काचतंतूंचा कागद विकसित केला, आणि न पेटणारा पर्याय उपलब्ध झाला. तरी जुने फिल्टर सगळीकडून हटले नव्हते. सप्टेंबर १९५७मध्ये कोलोरॅडोतील रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्रांच्या कारखान्यात प्लुटोनियमने पेट घेतला, आगीत ज्वलनशील फिल्टर जळाले आणि प्लुटोनियम बाहेरच्या हवेत गेले. गाळणीच्या कागदाची निवड किती गंभीर बाब आहे, हे याहून स्पष्टपणे कुठे दिसले नसेल.

पुढे हेपा नावाने रूढ झालेल्या या फिल्टरची कसोटी ०.३ मायक्रॉनच्या कणांवर ठरली: असे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. त्यामागे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांचे युद्धकाळातील गणित होते. मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात. अगदी बारीक कण रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत त्यांना चिकटतात. निसटतात ते मधले, या गणितानुसार ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. हा निसटता आकार प्रत्यक्षात बहुधा ०.१ ते ०.२ मायक्रॉनच्या दरम्यान असतो, म्हणून १९९८च्या युरोपीय मानकाने प्रत्येक कागदाचा असा आकार शोधूनच चाचणी घेण्याचे ठरवले. मधल्या काळात, १९६०च्या दशकारंभी, अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी हेपा फिल्टरांतून सलग, समांतर वाहणाऱ्या हवेची स्वच्छ खोली घडवली. इलेक्ट्रॉनिक्स आणि औषधनिर्मितीला तिचा फार मोठा आधार झाला.

काचतंतूंची दुसरी शाखा गरम धुराची. धूर गाळणाऱ्या, विणलेल्या काचकापडाच्या पिशव्या सुमारे २६० अंश सेल्सिअस तापमान सोसतात. सुती वा पॉलिएस्टर कापडाचा तिथे निभाव लागत नाही. म्हणून कार्बन ब्लॅक (औद्योगिक काजळी) आणि सिमेंटच्या कारखान्यांनी त्या स्वीकारल्या, आणि १९७०च्या दशकात कोळशावरच्या वीजकेंद्रांतही त्या बसू लागल्या. अडचण होती ठिसूळपणाची. वारंवार वाकवले की तंतू एकमेकांवर घासून तुटतात. त्यामुळे सिलिकॉन, ग्रॅफाइट आणि टेफ्लॉनचे लेप आले. पिशवी झटकण्याऐवजी उलट्या हवेच्या हलक्या प्रवाहाने धूळ उतरवली जाऊ लागली. नंतर कापडावर टेफ्लॉनचा सूक्ष्मछिद्री पडदा चढला. धूळ पृष्ठावरच थांबू लागली आणि काचेकडे मुख्यतः ताकद पुरवण्याचे काम उरले.

आरोग्याचा प्रश्न मात्र तंतूगणिक वेगळा ठरला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८मध्ये काचलोकरीला संभाव्य कर्करोगकारक गटात टाकले होते. २००१च्या फेरविचारात उष्णतारोधक काचलोकर त्या गटातून वगळली गेली. ई-ग्लास आणि ४७५ या विशेष कामांच्या काचांचे सूक्ष्म तंतू तिथेच राहिले. त्यांतला ४७५ हा फिल्टरकागदात वापरला जाणारा तंतू आहे. त्यामुळे कागद कापताना, घड्या घालताना आणि जुने फिल्टर काढताना कामगारांना तंतूंपासून जपणे अगत्याचे ठरते.