शिकलेले लगेच दिसतेच असे नाही

‘पहिल्या पाचात आलास तर सायकल, नाहीतर टीव्ही बंद!’ अनेक घरांत अभ्यासाची गाडी अशी आमिषावर आणि धाकावर चालते. बक्षीस असेल तरच मूल शिकते, ही समजूत त्यामागे असते.

एकेकाळी मानसशास्त्रातही असेच मत होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नववर्तनवादी क्लार्क हल यांनी १९४३ साली मांडले, की भुकेसारखी गरज ज्या कृतीने भागते, त्या कृतीची सवय पक्की होत जाते.

दुसरे नववर्तनवादी एडवर्ड टोलमन यांचा अनुभव मात्र निराळा होता. १९३० साली बर्कले येथे त्यांनी व हॉन्झिक यांनी उंदरांचे तीन गट भूलभुलैयात सोडले. एका गटाला शेवटी रोज खाणे मिळे, दुसऱ्याला कधीच नाही. तिसऱ्याला मिळाले ते अकराव्या दिवसापासून. तोपर्यंत हे उंदीर नुसते भटकत होते, अगदी ‘ढ’ वाटावेत असे! पण एकदा खाणे मिळताच दुसऱ्याच दिवशी त्यांच्या चुका झपाट्याने घटल्या आणि त्यांनी पहिल्या गटाला गाठले. वाट त्यांना आधीच कळली होती, ती दाखवायला कारण नव्हते, इतकेच. यालाच सुप्त अध्ययन म्हणतात.

भिलाईजवळच्या जामुलसारख्या कारखान्याच्या गावात बाबांच्या सायकलवर मागे बसून बाजारात जाणाऱ्या मुलीला रस्ता कोणी शिकवत नाही. पण एकटीने जायची वेळ आली, की ती नेमक्या वळणावर वळते. रस्त्याचा नकाशा मनात उमटलेला असतो.

१९४८ साली टोलमन यांनी एक इशाराही दिला. अति घोकंपट्टी, फार तीव्र गरज किंवा निराशा यांमुळे हा नकाशा अरुंद होतो. मग एकच वाट कळते आणि ती अडली, की सारेच अडते.

बक्षीस देऊच नये, असा याचा अर्थ नाही. तिसऱ्या गटाचे शिकणे खाण्यामुळेच तर दिसून आले! परंतु गुण कमी पडले म्हणून ‘याला काही येत नाही’ असा शिक्का मारण्याची घाई करू नये. त्यापेक्षा वाणसामानाचा हिशेब त्याच्याकडे सोपवावा, आजीला धडा वाचून दाखवायला सांगावे. आत साठलेले बाहेर यायला कित्येकदा एवढे निमित्त पुरते.