दार उघडं, सक्ती नाही : ख्रिस्ती शाळेतलं मुलांचं आत्मिक संगोपन

ख्रिस्ती शाळेत मुलांची व्यक्ती म्हणून आणि आत्म्याने वाढ कशी व्हावी, हा आजचा विषय. 'कशी करावी' असं आम्ही मुद्दामच म्हणत नाही. ही वाढ कुणी कुणाची करू शकत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो. तो गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. त्याच अध्यायाच्या शेवटी तो ज्ञानाने, शरीराने, आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला, असं सांगितलं आहे. म्हणजे वाढ चारही अंगांनी होते, आणि प्रश्न विचारणं हा त्या वाढीचाच भाग आहे. शाळेने आधी एवढं मानलं पाहिजे.

आता खरी अडचण. आपल्याकडच्या कित्येक ख्रिस्ती शाळांत बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतात. मग आत्मिक संगोपन म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न जुना आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असं आश्वासन होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपली प्रार्थना करत, तेव्हा काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली यावरून मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, आम्ही कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही. पालकांचं म्हणणं होतं, कोवळ्या वयातल्या मुलीवर आवडत्या बाईंचा प्रभाव पडतोच. आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. शिक्षकाने बळजबरी केली नाही तरी त्याच्या मायेचं वजन पडतं, हे आम्ही विसरता कामा नये.

आपल्या राज्यघटनेने या प्रश्नाला एक चौकट दिली आहे. कलम 30 अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. कलम 28 सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. काहींना हे बंधन वाटतं. आम्हाला ते श्रद्धेच्या बाजूचंच वाटतं. हजेरीच्या धाकाने जोडलेले हात म्हणजे प्रार्थना नव्हे.

मग रोजच्या रोज काय करायचं? सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाकडे मागे वळून पाहण्याची एक साधना शिकवली. येशूसंघीयांच्या शाळांत ती आजही चालते. तिचं साधं रूप कुठल्याही वर्गात जमतं. शेवटच्या तासाची पाच मिनिटं शांत बसायचं. आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात? आज माझ्यामुळे कुणी दुखावलं का? उद्या काय वेगळं करीन? ख्रिस्ती मुलासाठी ही प्रार्थना होते, दुसरं मूल आपल्या देवाशी बोलतं, तिसरं नुसतंच बसतं. तिघांचंही बरोबर. उत्तर मोठ्याने सांगायचं नाही, वहीत लिहून तपासायला द्यायचं नाही. ज्याला गुण मिळतात ते मूल शिक्षकासाठी लिहितं, स्वतःसाठी नाही.

आणि ही पाच मिनिटं शिक्षकालाही चुकत नाहीत. सहावीच्या वर्गात एकदा सहलीचे पैसे हरवले, तेव्हा आम्ही एका मुलाचं दप्तर सगळ्यांदेखत तपासलं. पैसे दुसऱ्याच मुलीच्या कंपासपेटीत निघाले. ठेवून ती विसरली होती. त्या संध्याकाळी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. तो काहीच बोलला नाही, आणि बोलावं अशी अपेक्षाही आम्ही धरायला नको होती.

क्षमेवर वर्षभर जेवढे धडे दिले, त्यापेक्षा वर्गाने त्या दिवशी जास्त पाहिलं असेल. शाळेचं ख्रिस्तीपण भिंतीवरच्या क्रुसाइतकंच अशा वेळी दिसतं. दार आपण उघडं ठेवावं. आत यायचं की नाही, हे मुलाने ठरवावं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.