थंडीच्या रात्रीचा आडोसा

कोकणपट्टीत थंडी ती किती पडणार, आणि पडली तरी तिने माणसाचे काय बिघडणार, असा आपल्या पांढरपेशा वर्गाचा एक दृढ समज आहे. डिसेंबर-जानेवारीत आटगावास किंवा आसनगावास पहाटेच्या कसारा गाडीतून उतरून माहुलीकडे निघणारी शहरातील मुले पाहावी; अंगात सुती सदरा, पाठीवरील पिशवीत खाऊ आणि फार तर एखादी चादर! दिवसा ऊन कडक असते, त्यामुळे काही उणे आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. परंतु वाट चुकली, कोणाचा पाय मुरगळला आणि रात्र रानातच काढण्याचा प्रसंग आला, म्हणजे मात्र खिशातील पैसा आणि हातातील दूरध्वनी या दोहोंचाही पहाटेच्या गारठ्यापुढे काही इलाज चालत नाही.

उंची वाढली की हवा थंड होते. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस असे त्याचे साधारण मान आहे. माहुलीचा माथा समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे पायथ्याच्या मानाने तेथे चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो, आणि त्यात वाऱ्याची भर. तथापि खरा शत्रू पारा नव्हे, ओल आणि वारा हे होत. याचे प्रत्यंतर फार दूरचे नाही. १ व २ डिसेंबर २०२१ या दिवशी महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला. आपल्या शहापूर तालुक्यातून घाट चढून गेले की पलीकडे नाशिकचा, आणि तेव्हाच्या अहमदनगरचा म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा मुलूख लागतो. तेथे व पुणे जिल्ह्यात त्या पावसाने उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. पाणी गोठण्याइतकी थंडी त्या रात्री नव्हती. परमेश्वराने जन्मतःच लोकरीचा अंगरखा दिलेला प्राणी जर रात्रभराच्या पावसावाऱ्यात टिकत नाही, तर ओल्या सुती सदऱ्यातील माणसाची काय कथा?

यातील शास्त्र समजून घेतले म्हणजे बाकीचे आपोआप सुचते. घोंगडीत ऊब असते असे आपण म्हणतो; ते खरे नव्हे. बर्फ वितळू नये म्हणून तोही भुशात व गोणपाटात गुंडाळून ठेवीत असत, हे वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. पांघरुण ऊब निर्माण करीत नाही. ते आपल्या तंतूंमध्ये हवा कोंडून धरते, आणि ही स्थिर हवा उष्णतेस बाहेर जाऊ देत नाही. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की मात्र सगळाच घात होतो. कारण स्थिर हवेच्या मानाने पाणी उष्णता सुमारे पंचवीस पटींनी अधिक वाहून नेते. अमरकोशात ‘निवात’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: आश्रय, वारा नसलेली जागा आणि शस्त्राने न भेदले जाणारे चिलखत. थंडीच्या रात्री हे तिन्ही अर्थ एकच होतात.

आता आडोशाकडे वळू. नवशिक्या माणूस प्रथम डोक्यावर छप्पर शोधतो. वस्तुतः प्रथम पाहावयाचे ते पाठीखाली. थंडगार जमीन पडल्या माणसाची उष्णता रात्रभर शोषून घेत असते, आणि अंगाच्या वजनाने खालचे पांघरुण दबून त्यातील हवा निघून गेलेली असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनासाठी दर्भ, त्यावर अजिन आणि त्यावर वस्त्र असे थर सांगितले आहेत. त्याचा पारमार्थिक अर्थ काही का असेना, व्यवहारात त्याहून उत्तम अंथरुण दाखवता येणार नाही. आपल्याकडे डिसेंबरात खळ्यावर भाताचा पेंढा असतो, आणि पुढे सागाची पाने गळू लागली की रानात पाचोळ्याचा तोटा नाही. दोन रिकाम्या गोण्यांत हा पेंढा किंवा पाचोळा ठासून भरावा. म्हणजे गादी झाली. अंगाखाली दबल्यावरही चार बोटे जाडी उरली पाहिजे, या बेताने भर घालावी. पाचोळा घेण्यापूर्वी काठीने उलथापालथा करावा, कारण विंचवासही तीच जागा आवडते. आणि पेंढा हे कोणाच्या तरी गुरांचे वर्षाचे अन्न आहे, याचे भान ठेवून धन्यास विचारूनच घ्यावा.

त्यानंतर वारा. सहा फूट बाय नऊ फुटांची साधी ताडपत्री आणि वीस हात सुतळी यांवर तीन माणसांची रात्र निभावते. दोन झाडांच्या मध्ये कमरेहून किंचित खाली सुतळी ताणावी, ताडपत्रीची एक कड तीवर बांधावी आणि दुसरी कड वाऱ्याच्या अंगास जमिनीपर्यंत आणून तीवर दगड ठेवावेत. हिवाळ्यातील रात्री येथे वारा बहुधा उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून येतो. तरी ओंजळीतील धूळ सोडून खात्री करून घ्यावी. कोपऱ्याला वळी नसतील तर ताडपत्रीस भोके पाडू नयेत. सुपारीएवढा गुळगुळीत गोटा कापडात धरून त्याच्या मानेशी सुतळीची गाठ मारावी; ती ओढेल तितकी घट्ट बसते. आडोसा जितका ठेंगणा व अरुंद तितका बरा. ऐसपैस जागा करण्याचा आपला गृहस्थी स्वभाव येथे घातक ठरतो.

जागा निवडताना ओढ्याकाठचा खळगा टाळावा. शांत रात्री थंड हवा जड होऊन पाण्यासारखी तेथे उतरते आणि साचते. अगदी उघडा माळही नको, कारण शरीराची उष्णता निरभ्र आकाशाकडे सरळ निघून जाते. दाट झाडाखाली दव पडत नाही हे शेतकऱ्यास ठाऊक असते. त्याच कारणाने तेथे झोपलेल्या माणसासही थंडी कमी लागते. माहुलीच्या महादरवाज्यातील पहारेकऱ्यांच्या देवड्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. आपले पूर्वज वाऱ्याची चाल ओळखून दगड रचीत असत.

अंगावर घालावयास धनगरी घोंगडी मिळाली तर नशीबच. चिंचोक्याची खळ दिल्यामुळे ती ताठर होते, वाऱ्यास सहसा दाद देत नाही आणि खोळ करून पांघरली की भुरभुर पाऊसही सोसते. नसल्यास रद्दीची वर्तमानपत्रे चुरगाळून सदरा व बंडी यांच्यामध्ये भरावीत. विनोद वाटेल, पण छाती-पाठीस त्यांचा फार आधार होतो. कचऱ्यासाठी मिळणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत कमरेपर्यंत पाय घालून बसावे. तोंड मात्र कदापि झाकू नये, आणि लहान मुलांच्या हाती ती पिशवी देऊच नये. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या संशोधनातून १९६४ साली निघालेले चकचकीत धातुलेपित पातळ पांघरुणही हल्ली स्वस्तात मिळते. ते अंगाची उष्णता परतवते खरे. पण अंगाखाली नुसतेच अंथरले तर त्याचा उपयोग शून्य.

शेकोटीविषयी मी मुद्दाम शेवटी लिहीत आहे. राखीव वनात परवानगीवाचून आग पेटवणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये गुन्हा आहे, आणि वाळल्या गवतात एक ठिणगी काय करील ते सांगावयास नको. त्याहून मोठे भय बंद जागेचे. तंबूत, बंद खोलीत किंवा चोहोबाजूंनी झाकलेल्या आडोशात निखाऱ्याची शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, असे प्रकार हिवाळ्यात वारंवार घडतात. अपुऱ्या ज्वलनाने निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही.

माणूस कुडकुडतो तोवर त्याचे शरीर लढत आहे असे समजावे. बोबडी वळू लागली, हातातून वस्तू गळू लागल्या, आणि ऊब न मिळताच कुडकुडणे थांबले, की शरीराचे तापमान पस्तीस अंशांखाली गेल्याची शंका घ्यावी. ओले कपडे उतरवावेत, कोरड्यात गुंडाळावे, दोघांच्या मध्ये घेऊन प्रथम छाती व काखा यांस ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत, दारू तर नकोच. शुद्धीवर असल्यास कोमट गोड पेय घोट घोट पाजावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे सर्व आपण ‘प्रसंग’ म्हणून शिकतो. परंतु याच तालुक्यातील कित्येक कातकरी कुटुंबांची ती ऋतुचर्या आहे. दिवाळीनंतर ती भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तेथेच राहतात. मातीचा गिलावा न करता नुसत्या विटा एकावर एक रचून छातीइतक्या भिंती उभारतात, वर पेंढा किंवा प्लास्टिक घालतात. वाकल्यावाचून आत शिरता येत नाही. ठेंगणी जागा, अरुंद दार, खाली पेंढा, मध्ये पोरे: वर सांगितलेला एकही नियम त्या बाईस कोणी शिकविलेला नसतो, आणि एकही चुकलेला नसतो. चुकतो तो एवढाच की, पेंढा जुना होऊन दबतो, प्लास्टिक फाटते, आणि डिसेंबरात अवेळी पाऊस आला तर अंथरुण भिजून जाते. दिवाळीच्या आवराआवरीत आपल्या घरांतून निघणाऱ्या जुन्या सतरंज्या, गोणपाटे आणि पावसाळा संपताच गुंडाळून ठेवलेल्या ताडपत्र्या नोव्हेंबर सरण्यापूर्वी तेथे पोचवता येतात. सतरंज्या उन्हात नीट वाळवून, आणि ताडपत्रीबरोबर वीस हात सुतळी देऊन.