शाळेंतील छडी आणि शिस्त

शिक्षकानें विद्यार्थ्यास मारावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. पंतोजींच्या शाळेंत छडी ही धुळाक्षरांच्या पाटीइतकीच नित्याची वस्तु होती. अंगठे धरून उभें करणें, हातावर वळ उठविणें, यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. मूल सुधारावें हाच त्यांत हेतु असे. परंतु प्रश्न हेतूचा नसून परिणामाचा आहे.

समजा, एखाद्या मुलाचें वजाबाकीचें उदाहरण चुकलें. हातचा केव्हां घ्यावा हें त्यास उमगलेलें नाहीं, हें त्या चुकीचें मूळ. छडीनें चूक झाली एवढें त्यास कळतें. ती कोठें झाली हें कळत नाहीं. पुढें ‘समजलें का?’ असें विचारतांच भ्यालेलें मूल ‘हो’ म्हणून मोकळें होतें. रोग्यानें वैद्यापासून दुखणें लपवावें, तसें तें आपलें अज्ञान लपवूं लागतें. मग शिक्षकानें उपाय करावा तो कशावर? वर्गांत शांतता दिसते खरी, पण शिक्षकाची पाठ वळतांच ती मोडते.

भयावांचून शाळा चालते, हें गिजुभाई बधेका यांनी १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढून दाखविलें. ताराबाई मोडक यांनी तोच विचार महाराष्ट्रांत रुजविला. पुढें कायद्यानेंहि हाच कौल दिला. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ अन्वयें मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. म्हणजे छडी टाकून जिव्हारीं लागणारा टोमणा मारण्याचीहि सोय राहिलेली नाहीं.

‘भरलेला वर्ग एकट्यानें आवरावा कसा?’ हा शिक्षकांचा आक्षेप मात्र खोटा नाहीं. म्हणूनच त्याच कायद्यानें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. जेथें ते नेमले जात नाहींत, तेथें दोष व्यवस्थेचा. त्याचें प्रायश्चित्त मुलाच्या तळहातानें कां घ्यावें?

छडी टाकणें म्हणजे शिस्त सोडणें नव्हे. भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्यास ती पुसावयास लावावी, खोडकर मुलास वर्गांतील एखादें जबाबदारीचें काम द्यावें, चुकलेलें उदाहरण जवळ बसवून पुन्हां सोडवून घ्यावें. यास वेळ अधिक लागतो. पण असें वळण लागलेलें मूल शिक्षक वर्गांत नसतांनाहि नीट वागतें. शिस्तीची खरी परीक्षा तीच होय.