मोठ्या संख्यांची भीती घरीच घालवू या

पालकहो, मूल चौथी-पाचवीत गेले की गणिताच्या पुस्तकात हजार, लाख, कोटी दिसू लागतात. शंभरापर्यंत धडाधड मोजणारी मुले इथे अडखळतात आणि 'मला गणित जमत नाही' असे म्हणू लागतात. ही भीती वेळीच गेली नाही तर पुढे दहावीपर्यंत पाठ सोडत नाही.

आपल्या समाजाला तर आकड्यांच्या अज्ञानाची किंमत चांगलीच ठाऊक आहे. ज्या पिढीने सावकाराच्या वहीत अंगठा उठवला, तिला त्या वहीतले समोरचा सांगेल तेवढेच कळत होते. पाचशेपुढे एक शून्य पडले की पाच हजार होतात! आजही पगाराची पावती, बँकेचे पासबुक, बचत गटाची वही, कर्जाचा कागद घरात येतो. तो वाचणारे माणूस प्रत्येक घरात हवे. बाबासाहेब तर अर्थशास्त्राचे पंडित. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच रुपयाचा प्रश्न हा होता. त्यांच्या लेकरांनी आकड्यांना का भ्यावे?

शिकवण्यासाठी फार शिकलेले असावे लागत नाही. एक खडू आणि मूठभर चिंचोके पुरेत. फरशीवर सहा घरे आखा. उजवीकडून डावीकडे नावे द्या : एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लाख. नियम एकच. कोणत्याही घरात नऊपेक्षा जास्त चिंचोके राहू शकत नाहीत. दहा झाले की ते उचलायचे आणि डावीकडच्या घरात एक ठेवायचा. दहा एककांचा एक दशक, दहा दशकांचे एक शतक, असे करत लाखापर्यंत मूल स्वतःच्या हाताने पोहोचते.

आता मुलाला 'तीन हजार पाच' लिहायला सांगा. पुष्कळ मुले ३०००५ लिहितात, कारण ती ऐकतात तसे लिहितात. आधी तीन हजार, मग पाच. रागावू नका. हजाराच्या घरात तीन आणि एककाच्या घरात पाच चिंचोके ठेवायला सांगा. मधली दोन घरे रिकामी दिसतात. रिकाम्या घरात शून्य लिहायचे, म्हणजे ३,००५ झाले. शून्य घराची जागा राखते, हे एकदा डोळ्यांनी दिसले की मूल विसरत नाही.

आपल्या मराठी संख्यानामांतही एक अडचण आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहायचे. म्हणून मुले ५२ लिहितात. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिणारीही असतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी पद्धत दिली, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. घरी दोन्ही प्रकारे म्हणून घ्या : पंचवीस म्हणजे वीस आणि पाच. गोंधळ कमी होतो.

वाचण्यासाठी स्वल्पविराम द्यायला शिकवा. उजवीकडून आधी तीन अंक सोडायचे, मग दोन-दोन. २४०००७ पाहून मूल गांगरते, पण २,४०,००७ दिसले की 'दोन लाख चाळीस हजार सात' सरळ वाचते.

लहान-मोठे ओळखताना मुले पहिल्या अंकाला भुलतात. ९,८७० आणि १२,०४० यांत नऊ पाहून पहिली संख्या मोठी म्हणतात. म्हणून आधी अंक किती आहेत ते मोजायचे. ज्या संख्येत अंक जास्त, ती मोठी. अंक सारखेच असतील तर डावीकडून एकेक अंक ताडून पाहायचा. जिथे फरक पडेल तिथे निकाल लागतो.

सरावासाठी आपल्याच इतिहासातले आकडे घ्या. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या जनगणनेत ही संख्या झाली २७,८९,५०१. चार अंकांची संख्या दहा वर्षांत सात अंकांची झाली! २०११ मध्ये ती ६५,३१,२०० होती. शेवटच्या दोन्ही संख्या सात अंकी आहेत. मग मोठी कोणती, हे मुलाला विचारा. २ आणि ६ पाहून ते लगेच सांगेल. या संख्या मोठ्याने वाचायला, अक्षरांत लिहायला सांगा. धर्मांतर किती मोठे होते, हे त्याला भाषणापेक्षा या आकड्यांतून जास्त कळेल.

आणखी एक खेळ. चिठ्ठ्यांवर ३, ०, ७, १, ८ लिहा. सर्वांत मोठी संख्या करा : ८७,३१०. सर्वांत लहान करा : १०,३७८. शून्य पहिल्या घरात का बसत नाही, ते मुलालाच शोधू द्या.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास हा अभ्यास घेता येईल. आठवी-नववीच्या मुलामुलींनी धाकट्यांना शिकवावे. मुलींना यात मागे ठेवू नका. उद्या घराचा आणि बचत गटाचा हिशेब त्यांच्याही हाती असणार आहे. आणि घरी पगाराची पावती आली की ती आधी मुलाच्या हाती द्या. त्याला मोठ्याने वाचू द्या.

जयभीम!