पहिल्या सेमिस्टरचा निकाल नेमका कुणाचा?

बारावीला नव्वद टक्के मिळवलेला विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला गणितात आणि मेकॅनिक्समध्ये अडकला, की घरचे, शिक्षक आणि तो स्वतः एकच निष्कर्ष काढतात : याला हे झेपणारं नव्हतंच. हा निष्कर्ष घाईचा आहे आणि पुष्कळदा चुकीचाही. सहा महिन्यांत कुणाची बुद्धी आटत नाही. भोवतालचं बाकी सगळं मात्र बदललेलं असतं. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं, चुकलं तरी गुण वजा होत नाहीत, आणि रोज काय सोडवायचं हे दोन वर्षं क्लासने ठरवून दिलेलं असतं. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत एकेक पायरी मांडावी लागते आणि कुठलं पुस्तक किती वाचायचं हे सांगणारं कुणी नसतं. गावाकडे मराठी माध्यमात दहावी केलेल्या मुलीपुढे व्याख्यान, जर्नल, व्हायवा सगळंच इंग्रजीत येतं. संकल्पना तिला कळलेली असते, पण परीक्षकासमोर वाक्य जुळत नाही, आणि गुण त्या वाक्याला मिळतात.

यात व्यवस्थेच्या वेळापत्रकाचा वाटाही मोठा आहे. प्रवेशाचे कॅप राउंड लांबत जातात, शेवटच्या फेरीत आलेल्यांचे सुरुवातीचे तास बुडालेले असतात, परीक्षा मात्र सगळ्यांची एकाच दिवशी. वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर लागते. तोवर मुलं कॉट बेसिसवर जागा शोधतात, मेस बदलत राहतात, आणि अभ्यासाची घडी बसण्याआधीच पहिल्या चाचण्या होऊन जातात. तरीही हेच महिने अनेकांना आयुष्यातल्या सर्वांत मोकळ्या दिवसांसारखे वाटतात, आणि ते खरंही आहे. रात्री उशिरापर्यंत ग्रंथालयात बसता येतं, दुसऱ्या जिल्ह्यातली मैत्री जुळते, घरी कधी न काढलेल्या विषयांवर वाद घालता येतात. पुण्यात 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत नेपथ्य उचलायला गेलेला पहिल्या वर्षाचा मुलगा काही आठवड्यांत कॉलेजचा होऊन जातो. चढ आणि उतार दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात : आता पाठीमागे कुणी उभं नसतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये मांडलं, की विद्यार्थी कॉलेज सोडतो त्याचा उलगडा त्याच्या कुवतीवरून पूर्ण होत नाही. तो अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळला हेही पाहावं लागतं. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये याला प्रयोगाची जोड दिली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी जेमतेम तासाभराच्या उपक्रमात एवढंच समजावलं, की इथे आपण उपरे आहोत ही भावना बहुतेकांना सुरुवातीला येते आणि हळूहळू ओसरते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण त्यानंतरच्या तीन वर्षांत सुधारले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. मला अधिक मोलाचा वाटतो तो 2023 चा पुढचा अभ्यास. 22 संस्थांमधल्या सुमारे 27 हजार विद्यार्थ्यांवर हाच उपक्रम राबवला, तेव्हा फायदा दिसला तो जिथे विद्यार्थ्यांच्या त्या त्या गटाला सामावून घेणारं वातावरण खरोखर होतं तिथेच. नुसत्या धीराच्या शब्दांनी भागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की पहिलं वर्ष चाळणीचंच असतं; ज्याला जमणार नाही त्याला ते लवकर कळलेलं बरं. चाळणी हवीच, पूल आणि इमारती बांधणाऱ्याला गणित आलंच पाहिजे. पण ज्या परीक्षेत खोली वेळेवर मिळालेला पास होतो आणि न मिळालेला मागे पडतो, ती गणिताबरोबर आणखी काहीतरी मोजते आहे. दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा : आम्ही याहून हालात शिकलो, तेही कुणाच्या मदतीशिवाय. हाल खरेच होते. मदतीशिवाय हे मात्र महाराष्ट्राच्या इतिहासाला धरून नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून वसतिगृहं उभारायला सुरुवात केली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याचं बोर्डिंग काढलं, तिथे निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहत, कष्ट करत आणि शिकत. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापली ती गावाकडून आलेल्या गरजू मुलांसाठीच. शिकायला आलेल्याला शाळा-कॉलेजाइतकंच हक्काचं बिऱ्हाड आणि चार माणसं लागतात, हे या मंडळींनी कुठल्याही संशोधनाची वाट न पाहता ओळखलं होतं.

आज यातलं बरंचसं कागदावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘दीक्षारंभ’ हा स्वागत-परिचयाचा कार्यक्रम आहे, ‘नॅक’च्या मूल्यांकनासाठी मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण कळवावं लागतं. पण उद्घाटनाची भाषणं झाली की पुष्कळ ठिकाणी दीक्षारंभ संपतो, आणि मेंटॉरची भेट सहीपुरती उरते. त्याऐवजी पहिल्या सहा आठवड्यांत गुणपत्रिकेत न धरली जाणारी एक लेखी चाचणी घ्यावी, तपासलेली उत्तरपत्रिका समोर ठेवून प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलावं, गरज असेल तिथे मराठीतून बोलावं, आणि वसतिगृहाची यादी प्रवेशाच्या यादीसोबतच लावावी. अठरा वर्षांच्या मुलाला हे लाडावणं ठरत नाही. आपण कुठे चुकतो हे वेळेत कळलं, तरच तो स्वतःचं स्वतः सावरू शकतो. वाढत्या विद्यार्थिसंख्येपुढे आणि रिकाम्या प्राध्यापकपदांपुढे ही दहा मिनिटंही जड जातात, हे मान्य. म्हणूनच आधी पदं भरण्याचा आग्रह धरायला हवा.

नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन पदवी अभ्यासक्रमातून बाहेर पडण्याची सोय केली आहे. अडचणीतल्या घरांना तिचा आधार होईल. पण बाहेर पडण्याचा अर्ज स्वीकारताना कॉलेजने विद्यार्थ्याची गुणपत्रिका पाहावी तशी स्वतःची नोंदवहीही उघडावी : याला खोली कधी मिळाली, याच्याशी कुठला शिक्षक किती वेळा बोलला, पहिली चाचणी बिघडल्यावर कुणी याला बोलावून विचारलं का.